पुलाच्या फाटकाचे कुलूप आणि न मिळालेले कारण

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पूल नाका कार्यालय
(सध्या मुक्काम : फाटकाच्या पलीकडे)

विषय : परवाना अथवा नकाराचे लेखी कारण मिळणेबाबत.
संदर्भ : माझे आधीचे चार अर्ज. आपले उत्तर : तोंडी, ‘नाही’.

महोदय,

१. मी कुलूपवाला. पुलाच्या फाटकाचे कुलूप मीच बसवले. पलीकडे माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. आई गेल्यावर अक्कानेच मला वाढवले. भाचीने कळवले आहे, ‘मामा, पाणीसुद्धा चमच्याने जातंय, लवकर या.’ त्याला सतरा दिवस झाले.

२. आपल्या खुर्चीमागे फलक आहे. मी चौसष्टाव्या वर्षी अक्षरे शिकलो. आपल्या बाकावर ताटकळत तो फलक अक्षराला अक्षर लावून पुरा वाचला : ‘लेखी कारण दिल्याशिवाय कोणाही नागरिकास अडवता येणार नाही.’ आपली त्याकडे पाठ असते, म्हणून आपल्या वाचनात आला नसावा. मी कारण मागितले, तेव्हा आपले कारकून म्हणाले, “बाबा, अंगठा देत होतात तेव्हा किती शहाणे होतात!” आपण हसलात.

३. पहारेकऱ्यांना मी दर खेपेस बजावतो, कुलपात तेल नको, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घाला. तेल धूळ धरते. त्यांनी दिव्याचे तेल ओतले. काल आपण पाहणीला पलीकडे गेलात आणि मागे कुलूप अडकले. ते हातोडीला दाद देणार नाही. वरून चढून यावे, तर काटेरी तार आपल्याच हुकमाने लावली आहे. सकाळी पहारेकरी धावत आला, “बाबा, चला! साहेब तिकडं नुसते तडतडतायत.”

४. मी हत्यारांची पिशवी घेऊन फाटकाशी बसलो आहे. काम दहा मिनिटांचे आहे. हा अर्ज पहारेकरी गजांमधून आपल्या हाती देईल. त्याच वाटेने सहीचा परवाना यावा. कुलूप उघडताच आपण इकडे या, मी तिकडे जाईन. परवाना द्यायचा नसेल, तर कारण लिहून द्या. ते घेऊन मी घरी जाईन आणि पिशवीही माझ्याबरोबर येईल.

५. तोवर आपल्याला तिथेच थांबावे लागेल. पण मी कायदा मोडणारा नाही. आपल्याला अडवण्याचे कारण लेखी देत आहे.

कारण : अक्का.

फाटकाच्या अलीकडून,
आपला, अजून तरी नम्र,
कुलूपवाला
(सही केली आहे. अंगठा नाही.)

तारीख १४, सकाळ

सोबत : कोरा कागद एक, पेन एक.