उघड्या कार्डावर पोटाची गोष्ट

उमापूर,
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय मनकर्णा,

अक्षर बघून हसू नकोस. वैशाखात अंगावरून वारं गेलं तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. हे डाव्या हाताचे पराक्रम! मुद्दाम दोन पोस्टकार्डांवर लिहितेय. आपला धोंडीराम पोस्टमन पेटीतून काढलं की वाचतोच. वाच म्हणावं! आता कुणाची लाज धरू?

लाजेनंच तर मला मारलं असतं. आपण बाया पहाटे अंधारात चारचौघी मिळून जाणाऱ्या. आता सून शिवकन्येनं काखेत हात घालून परसाकडं न्यायचं, म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. मग मी पाणीच तोडलं. दिवसाला अर्धा तांब्या, भाकरी कोरभर. लई हुशार समजत होते स्वतःला.

आठ दिवस पोट हललं न्हाई. टम्म फुगलं, अन्न बघून मळमळायचं. घरच्यांना वाटलं, वाऱ्याचाच दुसरा झटका. आमच्या ह्यांनी अंगारा लावला, जाऊबाईंनी एरंडेल पाजलं. शेवटी गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवून मळाचे खडे काढले. मी ढसाढसा रडले, दुखण्यानं कमी न् लाजेनं जास्त. पाणी कशापायी तोडलं ते कळल्यावर बाई माझ्यावर अशी भडकली म्हणतेस!

घरी आले न् ह्यांची दुकानातली खुर्ची मागितली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी ऐकते होय? सटवा सुताराकडून बैठकीला भोक पाडून घेतलं, खाली घमेलं. रोज चहा झाला की पाय टेकवून निवांत बसते. पाणी आता मागून पिते. शिवकन्या घमेलं उचलते तेव्हा मान खाली घालत न्हाई. तिची लेकरं मीच धुतलीत.

परवा तुझा पवन मांजरसुंब्याला ह्यांना भेटला. तुलाही वारं गेलं, वाचा गेली, पाणी पुढं केलं की तोंड फिरवतेस, सात दिवस पोट साफ न्हाई. वयामुळं असेल म्हणाला. वय कसलं डोंबलाचं! मला सगळं कळलं. गावात एसटीडी झालीय, पण तू बोलणार कशी? पाकीट धाडलं असतं तर उशीखाली दडवलं असतंस. म्हणून ही उघडी कार्डं. अंजली, सासूला तूच वाचून दाखवतेयस ना? मग इथंच थांब, पोरी. आजच्या आज डॉक्टर गाठा. त्याआधी तिला नीट उठवून बसव आणि चमच्याचमच्यानं पाणी पाज. तोंड फिरवलं तर सांग, नीलाला कळवीन.

तुझीच, भोकाच्या खुर्चीवर ताठ बसलेली,
नीला