एकाच बशीला दोनदा टोचल्याची हकीकत

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? कंबर, गुडघे, चालणं? (नीट कळव. विचारण्याला कारण आहे.) मी सुखरूप आहे आणि मुख्य म्हणजे अजून प्रयोगशाळेत आहे, हेच नवल.

आपल्या मज्जातंतूंना पोटॅशियम बाहेर सोडायला बारीक दारं असतात. चार तुकडे जुळले की एक दार. तुकड्यांच्या जाती अनेक. पैकी एका जातीचं दार उघडल्या उघडल्या धाडकन लागतं, दुसरीचं उघडंच राहतं (आपले धाकटे काका). या दोन जाती एका दारात कधी नांदत नाहीत, असं सरांचं ठाम मत. मी दोन बशांमधल्या बेडकीच्या अंड्यांना एकेक जात टोचायची, तीन दिवसांनी त्या दारांतून वाहणाऱ्या विजेची रेघ काढायची. शनिवारपर्यंत जमलं नाही तर काम समोरच्या टेबलावरच्या शहाण्याला आणि मी घरी.

आता तू जन्मभर नर्स, आणि मी तुझ्या हाताखाली वाढलेली. दिसेल ते स्पिरिटने पुसायचं. झाकणं पुसली, त्याबरोबर वरची नावंही गेली. परिणामी सकाळी एक जात आणि दुपारी दुसरी मी एकाच बशीला टोचली. शनिवारी एक बशी ढिम्म, दुसरीची रेघ भलतीच. सरांकडून दोन दिवस कसेबसे मागून घेतले.

त्या दोन दिवसांत डोक्यात प्रकाश पडला. दारं वेगवेगळी असती तर निम्मी झटक्यात लागून निम्मी उघडी राहिली असती. इथे जवळजवळ सगळीच लागत होती, पण रमतगमत. म्हणजे तुकडे एकमेकांत मिसळले होते. चारात एक जरी लावणारा असला तरी दार लागतं, फक्त वेळ घेतं. (आपल्या घरात तू एकटी कडी लावत फिरतेस, तसं.)

सोमवारी सरांना झाकणांसकट सगळं सांगून टाकलं. त्यांनी रेघ पट्टी लावून मोजली. मग म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो होतो. हे मुद्दाम करून दाखव आणि लिहून काढ." आत्या, मी जिन्यात बसून चक्क रडले, इतकं हलकं वाटलं.

तुझी भाची

ता. क. सगळं सांगितलं, पण एक राहिलं. ते दोन दिवस मी तू न्हाणीघरात पडलीस असं सांगून मागितले होते.

ता. ता. क. सर फार भले आहेत. रविवारी तुला बघायला येताहेत. दार तू उघडू नकोस. उघडावंच लागलं, तर जरा लंगडत ये.