रव्याच्या पुंगळ्या

साल्मन, आयडाहो
सोमवार, १२ सप्टेंबर १९८३

लाडक्या लव्होनला आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू बरी आहेस, मेंढ्या बऱ्या आहेत आणि तुमचा तो स्पेनकडचा बास्क मुकादम अजूनही प्रत्येक पदार्थात लसूण ओततोय, हे वाचून बरं वाटलं. माणूस खाऊ घालतोय तर नाकं मुरडू नकोस. नेवाडाच्या त्या उजाड डोंगरात तुला दुसरं कोण वाढणार आहे?

इकडे सगळं ठीक. पीचच्या बरण्या भरून झाल्या. माथ्यावर हिमाची पहिली भुरभुर दिसली. चर्चच्या मेजवानीत शेजारच्या ओपलचा केक या वर्षीही कुणी संपवला नाही, शेवटी बिचाऱ्या पाद्र्यानेच दोन तुकडे पोटात ढकलले आणि डोळे मिटून देवाचे आभार मानले.

तुझा बाप मजेत आहे. भुवईवर पट्टी आहे, पण काळजीचं कारण नाही, वाऱ्याने कोठाराचं दार आदळलं. चष्मा मात्र फुटला. नवा येईपर्यंत जुन्यावर भागवतोय आणि दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतोय. दिवसभर मागच्या कारखान्यातच असतो. तुम्हा बापलेकींच्या खुळापायी माझ्या स्वयंपाकघरात रवा म्हणून उरत नाही. दुकानात काडतुसं मिळतात, जग ती घेऊन शिकार करतं. यांचं काडतूस मात्र जगात कुठेच मिळत नाही! दुसऱ्या कसल्यातरी काडतुसाची पितळी पुंगळी घ्या, तिची मान आवळा, चिमूटभर दारू टाका, वर गळ्यापर्यंत नाश्त्याचा रवा भरा, मेणाचं बूच लावा आणि गोळी न घालता आभाळाकडे उडवा. मग पितळ फुगणार आणि तुम्हा दोघांच्या त्या बंदुकांच्या मापाचं होणार. वर त्या काडतुसाला गोळीच्या मापापुढे नाव पोरीचं, 'पंचवीस लव्होन'. बायकोच्या नावाचं काही निघालं नाही ते नाहीच.

हो, त्यावरून आठवलं. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा बाबाने तिकडे माल नेणाऱ्या आर्डेलच्या ट्रकमधून तुला भरलेल्या पुंगळ्यांचा डबा पाठवलाय. त्या उडवू नकोस. रव्याला किडे लागले होते, मला मागाहून दिसलं. डबा तळ्यात टाकून दे, नव्या भरून पाठवू. बाबाला यातलं काही कळवू नकोस, उगाच खट्टू होईल.

आणि नाताळात आपली जी वादावादी झाली ती मनात ठेवू नकोस. बाबाला काही झालेलं नाही. वयाप्रमाणे माणूस थोडं विसरतो. परवा त्याने ओपलच्या नवऱ्याला त्याच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली, पण ते दोघे भाऊ दिसायचेही तसे सारखेच.

गरम कपडे घालत जा.

तुझी,
आई


शुक्रवार, २३ सप्टेंबर, सकाळ

लव्होन,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. त्या डब्यातली एकही पुंगळी उडवायची नाही. रविवारी नाही, कधीच नाही. किड्यांमुळे नाही. किडे नव्हतेच. ते मी खोटं लिहिलं होतं.

हे पत्र आर्डेल तुझ्या हातात देईल. बिचारा सगळी कामं टाकून निघालाय. तू पूर्ण वाचेपर्यंत आणि डबा त्याच्या ताब्यात देईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. एल्कोला तुमच्या कंपनीच्या कचेरीतही फोन केला. तिथली बाई म्हणाली, निरोप देते. पण 'आई म्हणते उडवू नको' एवढाच निरोप मिळाल्यावर तू काय करशील ते मला ठाऊक आहे.

काल तुझं कार्ड आलं. लिहितेस, "किडे असले तर असू देत, मी काय तो रवा खीर करून खाणार आहे का? थोड्या उडवल्याही, झकास निघाल्या, फुगलेल्या पितळाचे खांदे अगदी धारदार. उरलेल्या पुंगळ्या येत्या रविवारी उडवते." एरवी मी हसले असते. या वेळी वाचलं आणि तशीच फोनकडे धावले.

बाबाला कोठाराचं दार लागलेलं नाही. तुझ्या डब्याबरोबरच भरलेल्या काही पुंगळ्या इथे उरल्या होत्या. त्यातली एक तो अंगणात स्वतःच्या बंदुकीतून उडवत होता. आवाज नेहमीचा नव्हता. मी धावत गेले तर हा गुडघ्यावर बसलेला, तोंडावर रक्त, सगळीकडे करपलेल्या रव्याचा वास. पुंगळीचं बूड फाटून आग मागे आली होती. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मला म्हणाला, पितळ जुनं होतं. आणि म्हणाला, पोरीला सांगितलंस तर ती मला बॉइझीला नेऊन कुठल्यातरी वृद्धाश्रमाच्या खोलीत बसवेल, तुला शपथ आहे. मी शपथ घेतली. पितळ जुनं नसणार असं मला तेव्हाच वाटत होतं, तरी तुला किड्यांची गोष्ट लिहून पाठवली आणि स्वतःला सांगितलं की तेवढं पुरे. मला माझी लाज वाटते.

तुला लहानपणी त्याने पहिली गोष्ट कुठली शिकवली? रिकामी पुंगळी उपडी, दारू पडली की सरळ. दारू घातली की नाही हा प्रश्नच उरू नये म्हणून. रवा भरल्यावर आत काय आहे ते देवालाही दिसत नाही. तर वर्षभर तो सगळ्याच सरळ मांडून ठेवतोय. मध्येच फोन वाजला, कोणी हाक मारली, की परत येऊन ओळीच्या सुरुवातीपासून चमचा फिरवतो. मी बघत होते. तो दुपारी पडला की हळूच जाऊन त्याने भरलेलं उघडून बघायचे, चुकलेलं गुपचूप बाजूला काढायचे. तुझा डबा गेला तेव्हा मी घरी नव्हते.

आज सकाळी कारखान्यात गेले. म्हटलं, "एमेट, त्या उरलेल्या पुंगळ्या दे."

"कशाला? रवा संपला वाटतं?"

"उघडून बघायच्यात."

त्याने कानस खाली ठेवली. "माझं काम? आजवर कुणी माझं काम उघडून बघितलेलं नाही, इडेला."

"मग आज मी बघते."

"पितळ जुनं होतं म्हणून सांगितलं ना तुला."

"मग उघडायला तुझं काय जातंय?"

त्याने स्वतःच उघडल्या, रागारागाने. मेण टोकरून काढलं, रवा वर्तमानपत्रावर ओतला, तळातली दारू काट्यावर टाकली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. "झालं समाधान? जा आता, ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय." ओव्हनमध्ये काही नव्हतं. तिसरीला काट्याचं पारडं धाडकन खाली गेलं.

त्याने ती दारू काढून पुन्हा टाकली. मग म्हणाला, "काटा बिघडलाय," आणि माप ठेवून बघितलं. काटा नीट होता. त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. बाकीच्या त्यानेच एकेक करून उघडल्या. अजून एक तशीच निघाली. रवा सगळा टेबलावर सांडला. मी पुसायला गेले तर हात धरून थांबवलं.

मग मला विचारलं, "यातल्या लव्होनला तर नाही ना पाठवायच्या?"

"पाठवल्यास, एमेट. डबाभर."

"कोणी?"

"तू."

"कधी?"

लव्होन, एवढे दिवस मला वाटत होतं की तो चुकतो आणि लपवतो. तो लपवत नव्हता गं. त्याला माहीतच नव्हतं.

नाताळात तू म्हणालीस, बाबाला डॉक्टरला दाखव, आणि मी तुला म्हटलं, मेंढ्यांमागे जाऊन बसलेलीने घरच्यांना शहाणपण शिकवू नये. ते शब्द मी परत घेते. मला भीती वाटत होती. कारखाना बंद केला की तो खुर्चीत बसेल, आणि मग मी कोणावर ओरडू? कोणासाठी एवढा रवा आणू?

कळप खाली उतरला की घरी ये. त्याला हलवायला नको येऊस. किंवा हलवायलाही ये, मी आता भांडणार नाही. मला एकटीला हे झेपत नाही.

आर्डेल दारात उभा आहे. बाबाने कागद मागितलाय. म्हणतो, माझ्या हातचं असेल तरच ती ऐकेल. खरं आहे, माझं तू कधी ऐकलंस?

आई


लव्होन,

आई लिहिते ते खरं आहे. एकही उडवू नकोस. मी दारू दोनदा टाकली. मला आठवत नाही, पण काट्याने दाखवलं. तू उडवलेल्या चांगल्या निघाल्या म्हणून उरलेल्या चांगल्या असतील असं धरून चालू नकोस.

सगळा डबा आर्डेलकडे दे. एकही मागे ठेवू नकोस. बंदूकही कोणा जाणत्याकडून तपासून घे, माझ्याकडे आणू नकोस.

यापुढे माझ्या हातची कुठलीही वस्तू आली तर आधी उघडून बघ. मी समोर उभा राहून बरोबर आहे म्हणून शपथ घेतली, तरी उघडून बघ. मी रागावलो तरी बघ.

बाबा