गोड आहे तोवर आपला

बाबा, परवा शनिवारी मी बिअर प्यायले. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी हे वाक्य लिहिताना हात अडखळला. घाबरू नका, चार इवल्याशा पेल्यांत मिळून एक मोठा पेलाही झाला नसेल. आणि ती साधी बिअर नव्हती, एल नावाचा बिअरचा प्रकार होता, स्कॉटलंडचा. हा फरक मला शनिवारी कळला. तुम्हाला तो ठाऊक असणार, पण तुम्ही तो घरात कधी बोलून दाखवला नसतात.

तुमचा नातू आठवडाभर मागे लागला होता. बुओना व्हिस्टाला त्याचं ऑफिस आहे, त्याच्या जवळच एका ठिकाणी ये, काहीतरी दाखवायचंय, म्हणत होता. सत्तावीस वर्षांचा मुलगा आईला असं बोलावतो तेव्हा आईने काय समजायचं? मी मोत्यांच्या कुड्या घातल्या, बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि हौगांगच्या घरून निघाले. एमआरटीच्या गाडीत डोळे मिटून त्या न पाहिलेल्या मुलीशी मनातल्या मनात बोलूनही घेतलं. तिला मराठी येत नव्हतं, पण लाडू आवडले. पोचते तर मुलगीबिलगी कुणी नाही. एक लांब लाकडी टेबल, दहाबारा माणसं, आणि समोर तांबूस केसांची एक बाई, स्कॉटलंडमधल्या एका जुन्या ब्रुअरीतून आलेली. ‘जस्ट टेस्ट ओन्ली, लाह,’ असं इथल्या इंग्रजीत म्हणत चिरंजीवांनी मला खुर्चीत बसवलं. लाडवांचा डबा मांडीवर धरून मी बसून राहिले.

बाई छान बोलत होती. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. दगडी भिंती, तांब्याची भांडी, अजून त्याच विहिरीचं पाणी. आपल्याकडे कुणी घरातल्या कीर्तनकाराबद्दल सांगेल तशी ती पणजोबांबद्दल सांगत होती. ऐकताना मला आपल्या मोरीमागची तार आठवली. कामावरचे तुमचे शर्ट आई तिथे वाळत घालायची, बाकीच्या घराचे कपडे पुढच्या गॅलरीत. त्या शर्टांना भिजलेल्या पेंडीसारखा वास यायचा आणि शेजारच्या काकूंना वाटायचं, तुम्ही गुरांच्या खाद्याच्या कारखान्यात आहात. आईने त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

मग एक वाडगा हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. मोड आणून, वाळवून, भाजलेले सातू. बाई म्हणाली, चावून बघा. मी चार दाणे तोंडात टाकले आणि बाबा, तो हॉल, ती माणसं, एसीची घरघर सगळं कुठेतरी लांब गेलं.

तुम्ही पहिल्या पाळीवरून येताय. उंबऱ्याशी चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत निळा थर्मास. सकाळी त्यात चहा गेलेला असतो, येताना कधीकधी त्यात दुसरंच काहीतरी असतं. तुम्ही ओट्याशी उभे राहून झाकण फिरवता, पण लगेच ओतत नाही. आधी नाक जवळ नेता, डोळे मिटता. मी आणि ताई वाट्या घेऊन उभ्या. मग तो सातूचा कोमट, मधाच्या रंगाचा रस वाटीत पडतो आणि तुम्ही दर वेळी तेच म्हणता, ‘गोड आहे तोवर आपला. आंबला की सरकारचा.’ दारू झाली की त्यावर सरकारी कर, म्हणून. उरलेला आई पातेल्यात आटवत ठेवते, कारण ठेवला तर रात्रीतून फसफसेल. आटून आटून काकवीसारखा होतो, कडेला थोडा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तो पोळीशी खातो. शर्ट मागच्या तारेवर टाकणारी हीच आई तो करपू नये म्हणून ओट्यापासून हलत नसे.

मग ते शाळेतलं. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, वडील काय करतात. मी उठून सांगितलं, माझे बाबा बिअर करतात, आणि ती आधी गोड असते. मला त्यात केवढं कौतुक वाटत होतं. माझ्यासाठी तुम्ही जादूगारच होता. पण बाई आपल्याच गल्लीत राहायच्या, आत्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी आली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. मला समोर बसवलंत आणि एवढंच म्हणालात, ‘मी काय करतो ते घरात. बाहेर विचारलं तर कंपनीत आहेत म्हणायचं.’ त्यानंतर थर्मास रिकामा येऊ लागला. ती शिक्षा होती की लाज, मला कळलं नाही. फार वाईट वाटलं होतं, बाबा. रसाचं नव्हे, तुमचं. ज्याचं मला एवढं कौतुक तेच तुम्हाला नकोसं आहे, असं मी तेव्हा धरून चालले आणि पुढे जन्मभर तसंच धरून राहिले.

तिसरा पेला काळपट तांबडा होता. बाईने सांगितलं की पहिला गोड रस थोडा बाजूला काढून छोट्या भांड्यात आटवतात, दाट होऊन कडेला लागेपर्यंत, मग बाकीच्यात मिसळतात. मी घोट घेतला. जिभेवर आधी कडसर काहीतरी आलं, आणि त्याच्या मागून, सावकाश, आईचं पातेलं. मी पेला खाली ठेवू शकले नाही. लेक माझ्याकडे बघत होता. कधी बोलावं याची वाट पाहत होता बिचारा.

मग हळूच बोलला. नोकरीचा राजीनामा दिलाय. जुरोंग ईस्टला एक छोटी ब्रुअरी आहे, तिथे कामाला लागणार, पगार कमी. शेवटी म्हणाला, ‘आई, आय वॉन्ट टू मेक धिस. तू प्लीज चिडू नकोस.’

चिडले नाही मी. पण घशात एक वाक्य तयार उभं होतं, लोकांना काय सांगायचं, आणि ते तुमच्या आवाजात होतं. ते बाहेर पडलं असतं तर त्याने ऐकलं असतं, तेवढा माझा शब्द चालतो अजून. मी ते काळपट घोटाबरोबर गिळलं आणि म्हणाले, ‘तुझे आजोबा हेच करायचे.’

‘आजोबा? तू तर कंपनी म्हणायचीस.’

‘कंपनीच होती. बिअरची.’

तो मोठ्याने हसला, शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं. मग पेला खाली ठेवून त्याने विचारलं, ‘त्यांना आवडायचं ते काम?’

बाबा, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मी तुम्हाला विचारलं नव्हतं. मला फक्त ओट्याशी उभे असलेले तुम्ही दिसलात, उघड्या थर्मासावर डोळे मिटून, दोन मुली वाट्या घेऊन ताटकळत असताना. नकोशा कामाला माणूस असं नाक लावून उभा राहतो का?

मी म्हणाले, ‘हो. खूप.’

त्याचा चेहरा खुलला आणि मी मांडीवरचा डबा उघडला. लाडू त्या टेबलावरच संपले. स्कॉटलंडच्या बाईने दोन घेतले.

हे पाठवायची सोय नाही, म्हणून एवढं मोकळं लिहिलं. एक मात्र कबूल करते. ते ‘खूप’ मी तुम्हाला न विचारता, माझ्या पदरचं घातलं. खरं नसेल तर माझं हे खोटं तुमच्या त्या ‘कंपनीत आहेत’शी फिट्टंफाट.