पुदिन्याला दिलेलं नाव

प्रिय एनॉक,

पत्र हातात पडलं की तू ते उलटंपालटं करून बघशील, आणि अक्षर माझं आहे हे कळल्यावर बहुधा चुलीकडे बघशील. जाळायचं तर जाळ, पण वाचून जाळ. तू गेल्यापासूनच्या सात वर्षांत मी कुणाला एवढं लांबलचक लिहिलेलं नाही.

इकडची खबर सांगतो. टेमर गेल्या हिवाळ्यात गेली आणि मी विधुर झालो. साधा खोकला म्हणता म्हणता सहा आठवड्यांत आटोपली. माग चालू असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणून गरज नसतानाही विणत बसतो. आपल्या वनस्पती-मंडळाची रविवारची सभा मात्र चुकवत नाही. मिसेस क्लेगच्या पबची तीच माडी, तेच लांब टेबल, त्यावर प्रत्येकाने आठवडाभरात रानातून आणलेल्या पाल्याचा ढीग. मी एकेक काडी उचलतो, तिचं लॅटिन नाव सांगतो, अठरा जण ते एका सुरात म्हणतात, आणि मग बिअर. निम्म्यांना वाचता येत नाही, पण नावं तोंडपाठ. तू गेल्यापासून फार काही बदललेलं नाही. आता कुणी वाद घालत नाही, एवढंच.

वाद म्हटल्यावर तुला तो रविवार आठवला असेल. मला तर रोज आठवतो. झऱ्याजवळचं शेवाळ तू आणलं होतंस. मी नाव सांगितलं आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, "जेबेझ, हे ते नव्हे. पानाच्या कडेला दाते आहेत, भिंग लावून बघ." मी कशाला भिंग लावतोय, मी अध्यक्ष पडलो. मी म्हणालो, "जोडे ठोकणाऱ्याने लोकांच्या पायांकडे बघावं, पानांच्या भानगडीत पडू नये." माडी हसून हसून लोळली. तू पेला अर्धा ठेवून उठलास. दोन महिन्यांनी डोंगरापलीकडे लेकीकडे राहायला गेलास, आणि मी शहाणा तुला निरोप द्यायलासुद्धा आलो नाही.

एप्रिलात शाळामास्तरांनी नवा मायक्रोस्कोप आणला आणि मला बघायला बोलावलं. जपून ठेवलेलं तुझं ते शेवाळ मी मुद्दाम घेऊन गेलो. दाते होते, एनॉक. करवतीला असतात तसे, एका ओळीत.

आणि मी काय केलं? मूग गिळून बसलो. म्हटलं, कुणीतरी पकडेल तेव्हा बघू. मे महिन्यात म्हाताऱ्या सायलसने तेच शेवाळ आणलं, मी तेच चुकीचं नाव सांगितलं, आणि अठरा तोंडांनी ते म्हटलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणून जुलैत एक आगाऊपणा केला. ढिगातून ओढ्याकाठचा पुदिना उचलला. ताजा, चुरगळलेला, अख्ख्या माडीवर वास सुटलेला. शेंबडं पोरही डोळे मिटून ओळखेल. तो हातात धरून मी अगदी गंभीरपणे म्हणालो, "स्क्रोफ्युलारिया." म्हणजे भलतंच झाड. सायलसने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला. मी मनात म्हणतोय, बोल रे बाबा, बोल. आणि अठरा जण म्हणाले, "स्क्रोफ्युलारिया." त्या दिवशी बिअरला हात न लावता मी घरी आलो. सांगायला लाज वाटते, पण टेमर गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी उभा राहून सगळं कबूल केलं. पुदिन्याचं सांगितलं, शेवाळाचं सांगितलं. एनॉक बरोबर होता, मी चुकलो, आणि वर त्याचाच अपमान केला, हेही सांगितलं. वाटलं होतं, कुणी शिव्या घालेल, कुणी म्हणेल उतर त्या खुर्चीवरून. तर सायलस काय म्हणाला माहितीय? "अध्यक्ष चूक म्हणतायत म्हणजे चूकच असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "अरे, पण पुदिन्याचा वास आला ना तुम्हाला?" तर म्हणे, "आला की. वाटलं, आपलंच नाक चुकतंय."

आता हे सगळं तुला का कळवतोय ते सांगतो. माफी तर मागायचीच आहे, ती मागतो. द्यायची की नाही ते तू बघ. पण माझी नजर अधू होत चालली आहे. भिंगातूनही पानाची कड नीट दिसत नाही. पुढच्या चुका मला कळणारसुद्धा नाहीत, आणि ही मंडळी त्या पाठ करून पोराबाळांना शिकवतील. तेव्हा तू ये. महिन्यातून एका रविवारी ये. डोंगर गुडघ्यांना झेपत नसेल तर कोळशाच्या गाडीवाल्याला सांगून ठेवतो, तो तुला घेऊन येईल. खुर्ची घेतलीस तर उत्तम, नको असेल तर समोर बस. मी चुकलो की तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत सांग. मी रागावेन, लागेल असं बोलेन, माझी जीभ तुला माहीत आहे. तरी सांग.

तुझाच,
जेबेझ