तीन शिट्ट्यांतल्या दोन

धारवाड, ६ फेब्रुवारी २००३

चि. जयतीर्थ यास अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याला उतार असेल असं धरून चालतो (नसेल तर पत्र बसून वाच).

तुला ठाऊकच आहे, माझी नात वेदश्री गेली पाच वर्षं हुबळीला रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त मिसबाईंकडे इंग्रजी पद्धतीचं गाणं शिकते. तिच्या आवाजाला म्हणे सोप्रानो म्हणतात, म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी. (मी त्याला गाणं म्हणत नाही. धारवाडात गल्लोगल्ली गवई असताना हिला बसनं हुबळीला जाऊन उभ्यानं गायचंय. उभं राहावं ते रॉकेलच्या रांगेत.) आता बंगळूरच्या एका मंडळीनं तिला ऑपेरात मोलकरणीचं काम दिलंय. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त 'दार उघड' म्हणायचं तेही गाऊनच. हिला एकच वाक्य आहे, पण त्याचा शेवटचा सूर इतका उंच, की तो लावायला ती रोज सकाळी खिडकीत उभी राहते.

गेल्या रविवारी शेजारच्या अंबूताईंच्या दीपालीला बघायला गदगचे लोक आले. अंबूताईंनी वरणासाठी कुकर लावला आणि पाहुण्यांना उप्पीट देता देता बाहेरूनच शिट्ट्या मोजल्या. तीन झाल्या, गॅस बंद केला. त्यातल्या दोन वेदश्रीच्या होत्या. डाळ अशी राहिली की मुलाच्या वडिलांची कवळी वरणात निघाली. मंडळी 'कळवतो' म्हणून गेली, ती अजून कळवताहेत. अंबूताई तडक आमच्याकडे आल्या. "अण्णा, मी कुकरकडे लक्ष ठेवू की तुमच्या नातीकडे? एन माडली, काय करू मी?"

मी तिथल्या तिथे घरातलं गाणं बंद केलं. अंबूताईंना तसा शब्दही दिला. वेदश्रीनं उठून खिडकी लावली. आज चार दिवस तिनं ती उघडलेली नाही. महिन्यानं प्रयोग आहे. सराव सुटला तर सूर जाईल आणि काम दुसरीला मिळेल. पण शब्द दिला तो दिला.

उणकलला तुझ्या नव्या घराभोवती अजून वस्ती नाही, समोर तळं आहे. तिला महिनाभर ठेवून घे. माशांना डाळ शिजवायची नसते.

तुझा,
अण्णा

ता. क. तुमचा कुकर महिनाभर माळ्यावर टाका. वरण पातेल्यातही होतं.

ता. क. २. तिच्याबरोबर मीही येतो. एकट्या मुलीला पाठवणं बरं नव्हे. हार्मोनियम आणतोय.

ता. क. ३. हे कुणाला सांगू नकोस. काल घरात कुणी नसताना मी कुकर लावला आणि हार्मोनियम घेऊन ओट्यापाशी बसलो. वेदश्रीचा तो सूर माझ्या कानात पक्का बसलाय, दोन्ही ताडून पाहिले. पोरीचा सूर जिथल्या तिथे आहे. शिट्टी चांगली पाव सूर उतरलेली आहे. अंबूताईंना हे ओळखता यायला हवं होतं. सगळा जन्म धारवाडात गेलाय त्यांचा.