भिंतीवरची गोठलेली नदी

येना (जर्मनी), ४ मार्च
कै. सौ. मृणालिनी मुकुंद आगाशे, तुझ्या खोलीची उत्तरेकडील भिंत महिनाअखेर पांढरी करून द्यावयाची आहे. भाडेकरारात तसे कलम आहे. तू तीवर गोठलेली नदी रंगविलीस, खाली स्वतःची कविता लिहिलीस, तेव्हाही ते होते. एकट्याला हे घर फार मोठे, म्हणून सोडतो आहे. आपली इरा म्हणते, हॅम्बर्गला माझ्याकडे या.

९ मार्च
फ्राउ लिंडनर आल्या होत्या. तुझ्या चित्रावरून व कवितेवरून त्यांनी वाद्यवृंदासाठी रचलेली कृती १ एप्रिलला वाजणार. म्हणाल्या, आजारपणात मृणाल मला एकेक ओळ उलगडून सांगत असे. मला सांगितली नाहीस. नवऱ्याला मराठी येते, तेवढ्यावर भागेल असे वाटले असावे.

१४ मार्च
तालमीस गेलो. कार्यक्रमपत्रिकेवर कमळ छापले आहे. कमळ. वाद्यवृंदाचे संचालक व्हायोलिनवादकांना म्हणाले, "तर, थोडी ऊब हवी. भारत आहे हा." चित्रात करड्याखेरीज रंग नाही. मी उभा राहिलो. "ही नदी येथली आहे. जानेवारीतली." फ्राउ लिंडनर खाली पाहत राहिल्या. संचालकांनी तो भाग पुन्हा घेतला, उबेशिवाय. चेलो एकाच सुरावर थांबून राहिले, आणि तू खिडकीकडे तोंड करून, पाठीवर शाल…
पुढचे लिहीत नाही.
इराचा फोन. तालमीतले तिला कळले होते. "बाबा, मुस्टे डस झाइन?" म्हणजे, हे करायलाच हवे होते का.
"मराठीत विचार."
मग, "ओरडलात का?"
"नाही."
"मग ठीक."

२२ मार्च
भिंतीला पांढऱ्याचा पहिला हात दिला. नदी आरपार दिसते. इमारतीची देखरेख करणारे हेर क्राउझ डोकावले. "असं चालणार नाही, हेर आगाशे. दुसरा हात द्या." जाताना म्हणाले, "सुंदर होतं." होतं.
दुपारी फ्राउ लिंडनर. मैफलीत कविता मराठीतून मी वाचावी, अशी विनंती. "आमच्यापैकी कोणालाच ती म्हणता येत नाही."
"ज्यांना उलगडून सांगितली, त्यांनी म्हणावी."
त्या गेल्या नाहीत. बादलीतला दुसरा ब्रश उचलून निमूट रंगवू लागल्या. कवितेपाशी थांबल्या. "हे तुम्ही करा." ब्रश ठेवून गेल्या.

२९ मार्च
कविता झाकली. रंगविताना प्रत्येक ओळ मोठ्याने म्हटली. खोली रिकामी असल्याने आवाज घुमत होता. शेवटच्या ओळीचा अर्थ मला आजही निश्चित सांगता येणार नाही. त्या बाईंना येईल. हे सहन होत नाही.

३१ मार्च
मैफल उद्या सायंकाळी. इराने उद्या सकाळच्याच हॅम्बर्गच्या गाडीचे तिकीट पाठविले आहे. फ्राउ लिंडनर यांचा पुन्हा फोन, कविता वाचाल ना म्हणून. उत्तर दिले नाही, नकारही दिला नाही. हेर क्राउझ यांनी भिंतीवरून तळहात फिरविला आणि मान डोलावली. दाराला कुलूप लावले. किल्ल्या परत दिल्या.